दोन्ही हात गुंतलेले असू देत

ताई, सप्रेम नमस्कार.

मी सांगलीकडची. सध्या जपानात कावासाकीला सॉफ्टवेअरच्या नोकरीत आहे. एका खोलीचं घर, एकच शेगडी. रात्री नऊ-साडेनऊला परतताना कोनबिनीतून, म्हणजे इथल्या रात्रंदिवस चालणाऱ्या दुकानातून, ओनिगिरी (भाताचा गोळा) नाहीतर पाव उचलते आणि लॅपटॉपसमोर फोन चाळत खाते. काय खाल्लं ते दुसऱ्या दिवशी आठवत नाही. झोप तुटक लागते, छातीत धडधडतं. ध्यानाची ॲप्स लावून पाहिली, पण पाच मिनिटांत मन ऑफिसात.

मागच्या महिन्यात तापाने पडले होते. खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण आजींनी मला घरी नेऊन जेवू घातलं. तांदळाची मऊ पेज, उमेबोशी नावाचं खारवलेलं आंबट फळ, मिसोचं (आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्याचं) सूप, तीळ लावलेली पालेभाजी, काकडीचं लोणचं. टीव्ही बंद. बोलणंही फारसं नाही, कारण माझं जपानी कामापुरतं. त्या अर्ध्या तासात कित्येक महिन्यांनी डोकं शांत झालं. ते मला रोज हवंय. कसं जमवू?

दोन गोष्टी मात्र खुपतात. आमच्या घरात माळ आहे, मी मासे-अंडी खात नाही. त्या सूपमध्ये मासा असेल का? आणि आईला हे फोनवर सांगितलं तर म्हणाली, "तुला आता वरणभात नकोसा झाला का?"

— एक वाचक, कावासाकी

*

माशाच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तो मनात राहिला तर पुढचं काही तुला गोड लागणार नाही.

हो, बहुधा होता. जपानी घरातल्या मिसो सूपचं पाणी म्हणजे दाशी. ती साधारणपणे कात्सुओबुशीची, म्हणजे वाळवून, धुरी देऊन किसलेल्या बोनिटो माशाची असते, किंवा निबोशीची, म्हणजे सुकवलेल्या बारीक मासळीची. आजींनी काही लपवलं असं अजिबात समजू नकोस. तिथे दाशीला कुणी मासा धरतच नाही. "यात मासा नाही" असं सांगणारं माणूस मनापासून तसंच समजत असतं. माळेचा निवाडा मी करणार नाही, तो तुझा आणि तुझ्या घरचा. पण तापात कुणी मायेने पुढे केलेली वाटी तू नकळत घेतलीस, याचं ओझं वागवू नकोस. यापुढचं तुझ्या हातात आहे. आणि ते सोपं आहे, कारण मासा-मांस वगळून रांधायची जपानची स्वतःची जुनी रीत आहे. बौद्ध मठांतल्या या स्वयंपाकाला शोजिन-र्‍योरी म्हणतात. त्यात कांदा-लसूणसुद्धा वर्ज्य असतो. आईला हे जरूर सांग, त्यांना बरं वाटेल.

आता त्या अर्ध्या तासाबद्दल. मी नागानो प्रांतात बरीच वर्षं काढली, तिथल्या म्हाताऱ्या बायकांच्या स्वयंपाकघरांत बसून शिकले. त्यावरून सांगते, तुला जे मिळालं त्यात गूढ काही नव्हतं.

आजींच्या घरी तू फोन पाहिलाच नसशील. आठवून बघ. तुला पाहताच आला नसता. जपानी घरात भाताची आणि सूपची वाटी उचलून हातात धरतात, टेबलावरच्या वाटीकडे वाकून खाणं वाईट दिसतं. म्हणजे डाव्या हातात वाटी आणि उजव्यात काड्या. आपलं जेवण उजव्या हाताचं, डावा मोकळाच असतो, आणि त्या मोकळ्या हातात आता फोन येऊन बसला आहे. तुझ्या ओनिगिरीचंही तेच, ती एका हाताने खाता येते. मन ताळ्यावर आणायला निघालेली माणसं मनाशीच झगडत बसतात. दोन्ही हातांना काम दिलं की डोळे त्यांच्या मागे येतात, आणि डोळे आले की मनही बरंचसं येतं. आजींच्या घरी तुझं हेच झालं.

शिवाय मांडणी ठरलेली. डावीकडे भात, उजवीकडे सूप, मागे भाजी आणि लोणचं, पुढे आडव्या काड्या, टोकं डावीकडे. भातात मीठ नसतं, त्यामुळे एक घास भाताचा, मग सूपचा घोट, मग थोडी भाजी, पुन्हा भात असं फिरत खावं लागतं. तिथल्या शाळांत मुलांना हे शिकवत आले आहेत. एकच वाटी संपवून मग दुसरीकडे वळलीस तर भात फिका लागतो आणि लोणचं खारट. म्हणजे पुढचा घास कुठला, हे दर वेळी जिभेला विचारावं लागतं. इतकं लक्ष द्यायला लावणारं जेवण बेशुद्धीत होत नाही. आणि सूप कढत असतं. ते वाटीला ओठ लावून, फुंकर घालत घ्यावं लागतं, म्हणून श्वास आपोआप लांबतो.

दुसरी गोष्ट, त्या दिवशी तुला काही निवडायचं नव्हतं. दिवसभर निर्णय घेऊन थकलेलं डोकं रात्री साडेनऊला कोनबिनीच्या झगझगीत फडताळापुढे उभं करायचं आणि पुन्हा विचारायचं, काय हवं? हा छळ आहे. त्यावर जपानी घरांचं जुनं उत्तर म्हणजे इचिजू-इस्साई. भात, एक सूप, एक पदार्थ, सोबत लोणचं. २०१३ साली युनेस्कोने जपानी पाककलेला जागतिक अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं तेव्हापासून एक सूप आणि तीन पदार्थांचं, इचिजू-सान्साईचं, चित्र जगभर झालं. तू त्या तिनाच्या वाटेला जाऊ नकोस. एका शेगडीवर रात्री तीन पदार्थ करायला गेलीस तर चार दिवसांत सगळं सोडून देशील. एकच पदार्थ, तोही दहा मिनिटांत होणारा.

तिसरी गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस, पण तीच सगळ्यात मोठी आहे. कुणीतरी तुझ्यासाठी रांधलं. त्याकडे नंतर येते.

आता प्रत्यक्ष कामाचं.

झोपण्याआधी एक लिटर पाण्यात दहा ग्रॅम कोंबू, म्हणजे वाळवलेलं जाड समुद्री शेवाळ, आणि तीन-चार वाळवलेली शिताके अळिंबी टाकून जग फ्रीजमध्ये ठेव. कोंबूवरची पांढरी भुकटी पुसू नकोस, ती चवीचीच आहे. सकाळी दाशी तयार. ती दोन-तीन दिवस टिकते. मासा नाही म्हणून ती कमी प्रतीची असं मुळीच नाही. १९०८ साली टोकियोच्या इकेदा किकुनाए या रसायनशास्त्रज्ञाने उमामी चवीचं मूळ असलेलं ग्लुटामेट शोधलं ते कोंबूमधूनच. वाळवलेल्या शिताकेत ग्वानिलेट नावाचा दुसरा घटक असतो, आणि दोन्ही एकत्र आले की चव कितीतरी पटींनी खुलते. मठातल्या स्वयंपाक्यांना हे जिभेने ठाऊक होतं. भिजलेली शिताके चिरून सूपमध्येच घाल. कोंबू पाण्यात तसाच उकळू देऊ नकोस, बुळबुळीत आणि कडवट होतो. गाळून घेतलेला कोंबू बारीक चिरून सोया सॉसमध्ये आटवलास की भाताबरोबर तोंडी लावणं झालं.

मिसो घेताना डबा नीट वाच. 'दाशी-इरी' लिहिलं असेल तर त्यात बहुधा माशाचा अर्क आहे, तो परत ठेव. आंबणं थांबावं म्हणून काही डब्यांत थोडं अल्कोहोल घालतात, त्याचं नाव 'शुसेई', माळकरी घराला तेही चालणार नाही. सोयाबीन, तांदूळ आणि मीठ, एवढेच घटक लिहिलेला डबा शोध. नागानोचा शिन्शू मिसो सगळीकडे मिळतो आणि रोजच्याला चांगला आहे. एका वाटीला दीडशे ते दोनशे मिलिलिटर दाशी तापव, त्यात तोफू, मुळा, बटाटा, कोबी, जे असेल ते शिजव. मग आच बंद करून एक चमचा मिसो पळीत कालवून विरघळव. मिसो घातल्यावर उकळी आणायची नाही, वास उडून जातो. वाकामे नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ घालणार असशील तर चिमूटभरच, ते फुगून वाटीभर होतं.

भात नीट धू, अर्धा तास भिजव आणि कुकर बंद झाल्यावर दहा मिनिटं झाकण उघडू नकोस. सकाळी टायमर लावून जाणार असशील तर थंडीत ठीक, पण जपानच्या दमट उन्हाळ्यात भिजलेले तांदूळ दिवसभर बाहेर ठेवू नकोस, आंबतात. तांदूळ धुवून, निथळून फ्रीजमध्ये ठेवावेत.

भाजीसाठी कोमात्सुना ही पालेभाजी घे. आजींनी वाढली ती हीच असण्याची शक्यता बरीच आहे. तिचं नाव टोकियोच्या एदोगावा भागातल्या कोमात्सुगावावरून पडलं असं मानतात, आणि याच एदोगावात निशी-कासाईची आपली भारतीय वस्ती आहे. मिनिटभर उकडून, गार पाण्यात टाकून, पिळून, बोटभर लांबीने चिर. भाजलेले तीळ कुटून सोया सॉस आणि चिमूटभर साखरेबरोबर चोळ. हे गोमाआए. तीळ दळून आणलेले मिळतात, पण तू कुटूनच घे. आतून चरे असलेला सुरिबाची नावाचा मातीचा खल मिळतो. त्यात लाकडी बत्ता फिरवताना आधी कोरडा आवाज येतो, तेल सुटू लागलं की तो मऊ होतो. रात्री घरी आल्यावरची ती दोन मिनिटं तुला कुठल्याही ॲपपेक्षा जास्त देतील. भाजी करायचा कंटाळा आला त्या दिवशी गार तोफूवर किसलेलं आलं घाल आणि चालू पड. नात्तो, म्हणजे आंबवलेलं चिकट सोयाबीन, आवडलं तर उत्तमच, फक्त पाकिटातल्या छोट्या सॉसमध्ये बहुधा बोनिटोचा अर्क असतो, तो टाकून साधा सोया सॉस वापर. उमेबोशीतही 'कात्सुओ-उमे' नावाचा प्रकार असतो, तो टाळ.

मिठाबद्दल मात्र जपून. मिसो, सोया सॉस आणि लोणचं तिन्ही खारट. नागानोत रक्तदाबाचा आणि पक्षाघाताचा त्रास इतका होता की १९८०च्या दशकात तिथे मीठ कमी करण्याची मोठी मोहीम राबवावी लागली. सूप दिवसातून एकदाच, त्यात भाज्या भरपूर आणि पाणी थोडं.

जेवण आणि चित्त यांच्या संबंधाबद्दल मठातली मंडळी नुसती बोलत नव्हती, हे तुला कळावं म्हणून दोगेनबद्दल सांगते. तेराव्या शतकातला हा झेन भिक्षू, फुकुई प्रांतातला एइहेइजी मठ त्याने स्थापन केला. १२२३ साली तो चीनला गेला तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा होता, खऱ्या धर्माच्या शोधात. तिथल्या एका मठात भर उन्हात तापलेल्या फरशीवर एक वृद्ध स्वयंपाकी वाळवण घालताना त्याला दिसला. डोक्यावर टोपी नाही, हातात बांबूची काठी, घामाने भिजलेला. दोगेनने वय विचारलं. अडुसष्ट. हे काम हाताखालच्यांना का देत नाही? म्हातारा म्हणाला, ते म्हणजे मी नव्हे. पण इतक्या उन्हात कशाला? तर, मग केव्हापर्यंत थांबू? दोगेन गप्प झाला. परतल्यावर १२३७ साली त्याने मठाच्या स्वयंपाक्यासाठी सूचना लिहिल्या, आणि त्या वाचताना मला अजून भरून येतं, इतक्या त्या बारीक आहेत. तांदूळ धुताना वाळूकडे बघ आणि तांदळाकडेही बघ. एक दाणा वाया जाऊ देऊ नकोस. उंच ठेवायची भांडी उंच जागी, खालची खाली. एइहेइजीत आजही सकाळचं जेवण पेज, तिळाचं मीठ आणि लोणचं असं असतं, आणि ते न बोलता जेवतात. तापात तुझ्यापुढे आलेलं ताट त्याच कुळातलं आहे. पेज तुला घरीही जमेल, एक वाटी तांदळाला पाच वाट्या पाणी, मंद आचेवर. अतिथकव्याच्या रात्री भाताऐवजी तीच कर.

दोगेनच्या सूचनांतली एक गोष्ट मी तुझ्यासाठी मुद्दाम उचलते. शांत व्हायचं म्हणून तांदूळ धू, असं तो कुठेही म्हणत नाही. तांदूळ धुवायचे ते चांगले धुतले जावेत म्हणून. तू रोज जेवताना "झाले का मी शांत?" असं तपासत बसलीस तर ऑफिसची कामगिरी मोजायची सवयच ताटात येईल. वाटीचे फोटोही काढू नकोस. काही दिवस जेवण नुसतं जेवण असेल, मन भरकटलेलंच राहील. तरी भांडी घासून ठेव आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तांदूळ धू.

आणि जपानचं फार स्वप्नाळू चित्रही मनात रंगवू नकोस. तू ज्या उशिराच्या नोकरीने थकली आहेस ती तिथलीच. घराघरांत मुलं आणि म्हातारी माणसं एकटी जेवू लागली ही काळजी त्या देशाला आहेच. सरकारने २००५ साली खाण्याच्या शिक्षणासाठी कायदा केला, त्यामागच्या चिंतांत एकट्याचं जेवणही होतं. तुझ्या आजीही बहुतेक रात्री एकट्याच जेवत असणार.

म्हणून ती तिसरी गोष्ट. तुला जे शांत वाटलं त्यातलं अर्धं, कदाचित अर्ध्याहून जास्त, कुणीतरी आपली काळजी घेतंय याचं होतं. ते दाशीतून येणार नाही, कितीही निगुतीने केलीस तरी. आजींकडे परत जा. तिथे घेतल्या उपकाराची छोटीशी परतफेड करण्याची रीत आहे, त्यामुळे तू काही घेऊन गेलीस तर त्यांना अवघडल्यासारखं होणार नाही. मोठी भेट नको, त्याने उलट त्यांच्यावर ओझं येतं. चार लाडू पुरेत, गूळ-तूप बेताचं. जेवणाच्या वेळेला जाऊ नकोस, सकाळी दहाच्या पुढे जा.

आणि त्यांना काकडीच्या लोणच्याबद्दल विचार. ते नुकाझुके असेल तर त्यांच्या घरात नुकादोको असणार, म्हणजे तांदळाचा कोंडा, मीठ आणि पाणी कालवून आंबवलेला गोळा. त्यात काकडी, गाजर, मुळा पुरून ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी काढतात. हा कोंडा रोज हाताने तळापासून वर उलथावा लागतो, नाहीतर बिघडतो. उन्हाळ्यात तर दोनदा. नवा लावला तर मुरायला काही आठवडे जातात, पण जुन्यातला मूठभर मिळाला की विरजणासारखा लवकर लागतो. त्यांच्याकडे मूठभर माग. म्हाताऱ्या बायकांना याहून मोठा आनंद नसतो, हे मी स्वतः पाहिलंय. मग तो कोंडा कसा आहे, आंबट झाला का, मीठ किती घालू, हे विचारायला तुला महिन्यातून चार वेळा जिना उतरावा लागेल, आणि कामापुरत्या जपानीत ते सहज बोलता येईल. फक्त आधी विचारून घे, त्यांच्या कोंड्यात कात्सुओबुशी किंवा निबोशी घातलेली नाही ना. काही घरांत घालतात. घातली असेल तर कोरडा कोंडा आणून त्यांच्या देखरेखीखाली स्वतःचा लाव.

आईचं बोलणं रागाचं नाही, धास्तीचं आहे. मुलगी दूर गेली, आता जेवणातही दूर चालली, असं त्यांना वाटतंय. त्यांना सांग की तिथल्या बाजारात जे ताजं आणि स्वस्त मिळतं ते तू रांधते आहेस. आणि वरणभातही कर की. तुरीची डाळ निशी-कासाईच्या दुकानांत मिळते, घरपोचही येते. इचिजू-इस्साईच्या मांडणीत वरण सूपच्या जागी अगदी चपखल बसतं: डावीकडे भात, उजवीकडे वरण, मागे गोमाआए. वाटी हातात उचलून जेव, तेवढंच सांभाळ. रविवारी आईला व्हिडिओवर ताट दाखव. ते दाखवलेलं चालेल.

शेवटी, छातीतल्या धडधडीला मी जेवणाचं औषध सांगणार नाही. डॉक्टरकडे जा. कंपनीच्या वार्षिक तपासणीत थायरॉइड सहसा नसतं, ते वेगळं सांगून करून घे. अहवाल येईपर्यंत कोंबू बेताने वापर, हवं तर नुसत्या शिताकेची दाशी कर, कारण कोंबूमध्ये आयोडीन फार असतं आणि थायरॉइड बिघडलेलं असेल तर ते त्रास देऊ शकतं. शाकाहारी आहेस म्हणून बी-१२ आणि हिमोग्लोबिनही बघ. सोयाबीनच्या पदार्थांवर बी-१२साठी भरवसा ठेवता येत नाही, दूध-दही चालू ठेव. जपानात पन्नास किंवा जास्त माणसं काम करतात त्या प्रत्येक ठिकाणी कंपनीला डॉक्टर नेमावा लागतो, त्याला सांग्योई म्हणतात. त्याच्याशी झोपेबद्दल आणि कामाच्या तासांबद्दल बोल. काम कमी करा असा सल्ला तो वरिष्ठांना देऊ शकतो, आणि तो तू स्वतः मागण्यापेक्षा जास्त ऐकला जातो. भेटीची वेळ या आठवड्यातच घे, दाशी भिजत घालायच्याही आधी. अहवाल आले की मला कळव.